बसा आणि सिट



या व्याख्यानासाठी वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, "मोठ्या माणसांनी इंग्रजी कसं शिकावं, यावर बोलते." पलीकडून काही उत्तर येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग ते हळूच म्हणाले, "बाई, जरा वैचारिक काही नाही का?" त्यांची अडचण मला कळते. काल इथे संविधानावर बोलून झालं, उद्या ज्ञानेश्वरी आहे, आणि मध्येच ही बाई सिन्स आणि फॉर शिकवणार! पण ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक, आणि निवृत्तीनंतर याच वाचनालयाच्या माडीवर बसून येईल त्याला इंग्रजी अर्ज लिहून द्यायचे. लिहून द्यायचे म्हणणं खरं नाही. समोरच्याकडून लिहून घ्यायचे. माणूस चुळबुळायचा, "सर, तुम्हीच लिहा ना, एसटी जाईल," म्हणायचा. सर म्हणायचे, "पुढची असते की." तेव्हा हा विषय सरांना चालला असता असं धरून मी सुरुवात करते.

आधी आपल्या बोलण्यातली एक गंमत बघा. आपण मराठी बोलतो, हिंदी बोलतो, सीमेवरची माणसं कानडी बोलतात. इंग्रजी मात्र आपण झाडतो. नाहीतर फाडतो. 'काय फाडफाड इंग्रजी बोलते हो पोरगी!' क्लासच्या पाट्यांवरही तेच, तीस दिवसांत फाडफाड. त्याआधीच्या पिढ्या इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत, म्हणजे ते पचवायला छातीही तशीच हवी. आता जी भाषा झाडायची नाहीतर फाडायची असते, ती अडखळत, चाचपडत, शब्द शोधत बोलायला माणसाला तोंड कुठून व्हावं? लहान मूल चाचपडतं तेव्हा आपण कौतुक करतो. पन्नाशीचा माणूस चाचपडला की त्याचा स्वतःचा मुलगाच हसतो. माझ्या वर्गात आलेल्या माणसांना शब्द आठवत नव्हते म्हणून अडलेलं मी फारसं पाहिलं नाही. शब्द आठवलेला असायचा, ओठांवरही आलेला असायचा, आणि तिथून तो परत जायचा.

वयाचं म्हणाल तर त्याचा फार बाऊ झाला आहे. उच्चाराच्या बाबतीत लहान मुलं पुढे जातात हे खरं. पण कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले या दोघींनी १९७८ साली नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास केला. ही माणसं डच शिकत होती. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांत वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वर्षांचे आणि मोठे. चिमुरडी मागे होती. त्यात नवल नाही. मोठ्या माणसाला 'कालची गोष्ट' आणि 'उद्याची गोष्ट' यांतला फरक शिकवावा लागत नाही, तो त्याच्याजवळ असतोच. त्याला फक्त नवा वेश हवा असतो. जोसेफ कॉनरॅड पोलंडचा. त्याने विशीत इंग्रजी शिकायला घेतली आणि १८९५ साली त्याची पहिली इंग्रजी कादंबरी आली. आपल्या पंडिता रमाबाईही इंग्रजी शिकल्या त्या मोठेपणीच, संस्कृत पचवून झाल्यावर. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक छापून आलं. ही माणसं असामान्य होती हे मान्य. आपल्याला कादंबरी कुठे लिहायची आहे? आपल्याला बँकेतल्या माणसाला सांगायचं आहे की हे पैसे माझ्या खात्यातून चुकून कापले गेलेत.

मी १९८४ साली मुंबईत, गिरणगावातल्या एका रात्रशाळेत लागले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप तेव्हा कागदोपत्री संपलेलाही नव्हता आणि प्रत्यक्षात चालूही राहिला नव्हता. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली होती, आणि त्यांतली कितीतरी परत साच्यावर उभी राहिली नाहीत. माझ्या वर्गात खानावळीत वाढणारी पोरं होती, प्रेसमधले कंपोझिटर होते. आणि मागच्या बाकावर, गुडघे मावत नाहीत म्हणून वाकडे बसलेले, साचेखात्यातून आलेले एक गृहस्थ होते. वय ४६. नरिमन पॉइंटच्या एका इमारतीत त्यांना वॉचमनची नोकरी लागली होती आणि आठवड्याभरातच तक्रार गेली होती: माणूस उद्धट आहे.

उद्धट? इतका मऊ माणूस मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, तुम्ही पाहुण्यांशी काय बोलता ते मला बोलून दाखवा. ते उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "यू सिट. यू राइट नेम. यू गो."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला एकदम दिसलं की हा माणूस इंग्रजीत उद्धट नाही, तो मराठीत नम्र आहे. त्यांच्या डोक्यात चाललं होतं: बसा. नाव लिहा. जा वर. मराठीत 'बस'चं 'बसा' केलं की अदब झाली. आपला मान क्रियापदाच्या शेवटाला बांधलेला असतो. इंग्रजीच्या क्रियापदाला ती शेपूट नाही. 'सिट' कुत्र्यालाही तेच आणि कलेक्टरलाही तेच. मग इंग्रजीवाला मान कुठे ठेवतो? तो वाक्याच्या तोंडाशी ठेवतो, कुड यू, वुड यू आणि प्लीज यांत. आज्ञेचा प्रश्न करून टाकतो. त्या रात्री फळ्यावर चारच वाक्यं लिहिली. 'प्लीज हॅव अ सीट.' 'कुड यू साइन हिअर, प्लीज?' 'ही इज इन अ मीटिंग.' 'वुड यू माइंड वेटिंग?' त्यांनी ती देवनागरीत उतरवून घेतली आणि गेटवरच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानाला आतून चिकटवली. पंधरा दिवसांनी येऊन सांगायला लागले, "बाई, साइनच्या जागी पार्क घातलं तर चालतं. वेट घातलं तरी चालतं. पण सिट घातलं की प्लीज हॅव अ सीटच बरं वाटतं." त्यांनी स्वतःच व्याकरणाचा एक धडा काढला होता.

तेव्हापासून माझ्याकडे कोणीही आलं की मी पुस्तक काढत नाही. आधी विचारते, दिवसभरात तुम्ही कोणकोणती वाक्यं बोलता? मराठीतच सांगा. रिक्षावाल्याची वीस वाक्यं असतात, दवाखान्यातल्या सिस्टरची पन्नास-साठ, मोबाइल दुरुस्तीवाल्याची त्याहून थोडी जास्त. ती आधी. 'धिस इज अ कॅट' शिकून मांजर पाळायचं आहे का कोणाला?

आता एक गोष्ट सांगते, ती इंग्रजीच्या काही शिक्षकांना आवडणार नाही. इंग्रजी शिकताना मराठी बाहेर ठेवायची, चपलेसारखी, ही पद्धत मोठ्या माणसांच्या कामाची नाही. तुमच्यातल्या साठीपलीकडच्यांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवत असेल. तीन भाग. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा मराठी, पुन्हा इंग्रजी. एखाद्या जुन्या शिरस्तेदाराचं पत्र काढून बघा, बोलताना तो त-त-प-प करायचा पण लिहिताना कुठे बोट ठेवायला जागा नसायची. बोलणं शिकवलं नाही हा त्या पद्धतीचा दोष होता. मराठी वापरली हा दोष नव्हता. पुढे आपण दोष काढायला गेलो आणि गुण फेकून आलो. त्यात इंग्रजी केव्हापासून शिकवायची याचाही धरसोडपणा चालूच राहिला. एका पिढीला आठवीपासून, आम्हाला पाचवीपासून, आणि २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून. आपण वर्ग बदलत राहिलो. कशी शिकवायची ते फारसं बदललं नाही.

मराठी कामाची कशी, ते एका उदाहरणाने दाखवते. ए आणि द हे मराठी माणसाला कधीच येत नाहीत असं म्हणतात, कारण मराठीत तसलं काही नाही. नाही कसं? 'आम्ही मुलगी बघायला गेलो होतो.' हे ऐकल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर कांदेपोहे येतात. 'आम्ही मुलीला बघायला गेलो होतो.' आता पोहे नाहीत. आता लेक दवाखान्यात आहे, किंवा सासरी बाळंत झाली आहे. एका 'ला'ने सगळं फिरवलं. पहिल्या वाक्यातली मुलगी कोण ते ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, दुसऱ्यातली ठाऊक आहे. इंग्रजीत हाच प्रश्न प्रत्येक नामाच्या दारात उभा असतो: ऐकणाऱ्याला कोणतं ते ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर द. ठाऊक नसेल आणि मोजता येण्यासारखं एकच असेल तर अ. आपला 'ला' टेबल-खुर्चीला असा लागत नाही, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळत नाही. पण मला सांगा, आर्टिकलच्या सतरा नियमांपेक्षा हे लक्षात राहील की नाही?

आणि मराठी जिथे खड्ड्यात घालते तो खड्डाही मराठीतूनच दिसतो. 'मी काल आलो होतो.' यात आपल्याला काही खटकत नाही, कारण मराठीतला 'होतो' अगदी मोकळा, गप्पांचा आहे. आपण सरळ 'आय हॅड कम यस्टरडे' म्हणतो. इंग्रज ऐकत बसतो की कशाच्या आधी आलेले? कारण त्यांचा हॅड दोन जुन्या गोष्टींतली जास्त जुनी कोणती ते सांगायला असतो. एकच गोष्ट असेल तर साधं 'आय केम यस्टरडे.' मराठी माणसाच्या इंग्रजीतले निम्मे हॅड खोडले तर ते बिघडत नाही, सुधारतं. तसंच 'पासून'चं. 'पाच वर्षांपासून' आणि '२०१९ पासून' दोन्हीकडे आपण 'पासून' लावतो, म्हणून दोन्हीकडे सिन्स लागतो. मी वर्गात सांगायचे, मनातल्या मनात 'पाच वर्षं झाली' असं म्हणून बघा. 'झाली' म्हणता आलं तर फॉर. '२०१९ झाली' म्हणता येतं का? मग सिन्स.

या दोन-तीन खड्ड्यांवर मराठी माणसाचा बराच दम खर्च होतो. बाकीच्या चुकांबद्दल मी फार कडक नाही. 'व्हॉट इज युअर गुड नेम' कोणी म्हटलं तर आभाळ कोसळत नाही. प्रीपोन हा आपल्याकडचा शब्द तर ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला.

शब्द किती लागतात हा प्रश्न दर वर्षी येतो. यावर काम करणारा एक माणूस आपल्या जवळचा होता. मायकेल वेस्ट, ढाक्याला शिक्षक प्रशिक्षणाच्या कामात होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि एक पुस्तक सलग वाचू शकत नाहीत, हे बघून त्याने कामाचे शब्द निवडायला घेतले. १९५३ साली त्याची यादी पुस्तकरूपाने आली, त्यात सुमारे २,००० शब्द. इंग्रजीतला कुठलाही साधा मजकूर घेतला तर हे नेहमीचे २,००० शब्द त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. ऐकायला छान वाटतं. पण हिशेब करा. दहा शब्दांच्या ओळीत दोन अडणार. ओळीत दोन खडे असतील तर भात कोण खाईल? आरामात वाचायचं तर पन्नास शब्दांत एखादाच अडखळावा, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन सांगतात. म्हणून ज्याची वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाशी झटापट चालली आहे त्याला मी तो बाजूला ठेवायला लावते आणि पातळ पुस्तकं देते. ऑक्सफर्डची बुकवर्म्स मालिका आहे. तिच्या पहिल्या पायरीवर फक्त ४०० शब्दांत गोष्ट सांगितलेली असते, सहाव्या पायरीवर २,५०० शब्दांत. मोठ्या माणसाला ही पुस्तकं हातात धरायची लाज वाटते, वर चित्र असतं ना. बँकेतले एक शिपाई लोकलमध्ये त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. मी म्हटलं, घाला. पुस्तक आपल्या ताकदीचं आहे का ते बघायला एक पान उघडा, अडलेल्या शब्दाला एक बोट मुडपा. पाचही बोटं मुडपली गेली की पुस्तक परत कपाटात.

अग्रलेख सोडा म्हटलं तरी बातमी सोडू नका. फक्त क्रम उलटा करा. सकाळी आपलं मराठी वर्तमानपत्र नीट वाचा, मग त्यातलीच एक बातमी इंग्रजीत वाचा. काय झालं ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे शब्द आपण होऊन अर्थ सांगायला लागतात. आमच्या लहानपणी कसोटी सामन्याच्या वेळी रेडिओवर इंग्रजी आणि हिंदी समालोचन आलटून पालटून चालायचं. चाळीतल्या कितीतरी माणसांना इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता यायचं नाही, पण चेंडू कुठून कुठे गेला ते इंग्रजीतून बरोबर कळायचं. कारण खेळ कळत होता. ज्या गोष्टीतलं तुम्हाला कळतं तिथूनच आत शिरा. स्वयंपाकातलं कळत असेल तर पाककृतींचे इंग्रजी व्हिडिओ बघा. बाई कणीक मळताना 'नीड' म्हणते तेव्हा कोश उघडावा लागत नाही.

शब्द टिकतच नाहीत अशी तक्रार असते. ती जुनी आहे. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने गळतं, मग गळती मंदावते. औषध एकच, गळायच्या बेताला असताना पुन्हा बघायचं. आता त्यासाठी अँकीसारखी फुकट ॲप आहेत, पण मी अजून बुटाचं खोकं वापरते. आत पुठ्ठे घालून तीन कप्पे. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. वाक्य बरं का, सुटा शब्द नको. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये ही युक्ती पुस्तकात मांडली. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी तिसऱ्या कप्प्यातून पार झालेल्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत. मसाल्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवल्या. बरणी भरत गेलेली दिसते, म्हणाल्या.

उच्चारांबद्दल बोलायचं तर मला आधी स्वतःची फजिती सांगायला हवी. मी नऊ वर्षं वर्गात 'रिसिप्ट' शिकवत होते. स्पेलिंगमध्ये प आहे, मग तोंडात का नको? एका रात्री खानावळीच्या गल्ल्यावर बसणारा मुलगा तास संपल्यावर थांबला. बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "बाई, गोरी गिऱ्हाईकं रिसीट म्हणतात. प म्हणत नाहीत." मी घरी येऊन कोश उघडला. पोरगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तो शब्द लिहून प वर काट मारली आणि कोणी सांगितलं तेही सांगितलं. त्या दिवसापासून वर्गात बोलणारे वाढले. बाईच चुकतात म्हटल्यावर लाज कसली?

इंग्रजी स्पेलिंगवर विसंबायचं नाही हा एक धडा. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा मान देतो. इंग्रजी शब्दात एकच अक्षर वाड्याचा मालक असतं, बाकीची वळचणीला. फोटोग्राफ म्हणताना जोर 'फो'वर. फोटोग्राफरमध्ये तो सरकून दुसऱ्या अक्षरावर येतो, 'फटॉग्रफर' असं काहीतरी ऐकू येतं. फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. जोर चुकीच्या अक्षरावर पडला तर बाकीचे सगळे आवाज बरोबर असूनही समोरच्याला शब्द कळत नाही. आपल्याला वाटतं आपला 'अ‍ॅक्सेंट' खराब. वर्गात मी रबरबँड वाटायचे. शब्द म्हणा आणि जोराच्या अक्षराला रबर ताणा. पन्नाशीची माणसं रबरबँड ताणत 'डिव्हेऽलप, डिव्हेऽलप' करताहेत, हे दृश्य बाहेरून विचित्र दिसायचं. पण तोंडाला न कळलेलं हाताला कळायचं. व्ही आणि डब्ल्यूचं मात्र एका ओळीत सांगते: व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ शीळ घातल्यासारखे गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर चार दिवस करा.

कोशाबद्दल. मोल्सवर्थचा कोश मला फार प्रिय आहे. १८३१ चा, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. पण तो मराठी समजून घ्यायला. इंग्रजी शिकणाऱ्याने शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्यावा. असा पहिला मोठा कोश ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर जपानमध्ये, जपानी विद्यार्थ्यांसाठी तयार केला. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, तो तोक्योत छापला गेला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. त्याचाच वंशज म्हणजे आजचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. त्यात अर्थ सोप्या शब्दांत असतो, आणि त्याहून मोलाचं म्हणजे शब्द वाक्यात कसा बसतो ते असतं, त्याच्यामागे टू लागतो की फॉर ते असतं. संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो आणि तिथे शब्दापुढचा छोटा कर्णा दाबला की उच्चार ऐकू येतो. व्याकरणाला रेमंड मर्फी. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर त्याचाच सराव, एवढी सोय दुसऱ्या पुस्तकात मी पाहिली नाही. अगदी सुरुवात असेल तर लाल रंगाचं, थोडं येत असेल तर निळं. रेन अँड मार्टिन घरात असेल तर असू द्या, पण शिकायला तिथून सुरुवात करू नका. ते व्याकरण ज्याला भाषा येते त्याच्यासाठी आहे.

ऐकण्यासाठी बीबीसीच्या लर्निंग इंग्लिशवर सहा मिनिटांचा कार्यक्रम आहे, सिक्स मिनिट इंग्लिश. दोघं जण गप्पा मारतात, खाली सगळा मजकूर छापलेला असतो. तो एकदा नुसता ऐका, मग मजकूर बघत ऐका, मग पुन्हा नुसता. तीन वेळा सहा म्हणजे अठरा मिनिटं, तेवढं रोजचं पुरे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये हीच गरज ओळखून सुमारे १,५०० शब्दांत, मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या सुरू केल्या होत्या. आज सावकाशीसाठी वेगळी बातमी लागत नाही, यूट्यूबवर वेग पाऊणपट करता येतो. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश संकेतस्थळावर आपली पायरी कोणती तेही तपासता येतं. त्या चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून रडू मात्र नका, आमच्या एका डॉक्टरबाई रडल्या होत्या.

हल्ली फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सगळं लिहायला सांगतात. वापरा, मी वापरते. पण आधी तुमचं मोडकं वाक्य तुम्ही लिहा, मग त्याला सांगा, 'एवढंच दुरुस्त कर आणि का केलंस ते मराठीत सांग.' पहिल्यापासून त्याच्याकडून लिहून घेतलं तर अर्ज सुरेख होतो, आणि पुढच्या खिडकीवर साहेबाने एक प्रश्न विचारला की आपण पुन्हा मुके. सर एसटी का चुकवायला लावायचे ते आता कळलं असेल.

बोलायला माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे. नवरा-बायकोने इंग्रजीत बोलायचं ठरवलं की तिसऱ्या वाक्याला भांडण मराठीत सुरू होतं, हे मी अनेक घरांत पाहिलं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच आवाजी निरोप पाठवा. एक मिनिटाचा, आज काय केलं एवढाच. आठवड्याने ऐका. आपल्याच चुका आपल्याला ऐकू येतात, आणि तिथे हसायला कोणी नसतं. आमच्या वर्गातल्या एक काकू लेकीकडे न्यू जर्सीला निघाल्या होत्या. विमानतळावरच्या प्रश्नांची त्यांना एवढी धास्ती की त्यांनी दोन महिने रोज हे केलं. किती दिवस राहणार, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे का, सगळं तोंडपाठ. परत आल्यावर सांगत होत्या, हे सगळं राहिलं बाजूला, कस्टमवाल्याने बॅगेकडे बोट दाखवून विचारलं, "एनी फूड?" काकू म्हणाल्या, "यस. मँगो पिकल. होममेड. व्हेरी हॉट." तो हसला आणि जा म्हणाला. "दोन महिन्यांत एकदाही व्हेरी हॉटचा सराव केला नव्हता हो," काकू म्हणाल्या, "ते आपसूक आलं."

माझा वेळ होत आला आहे, कार्यवाहांनी एकदा घड्याळाकडे बघितलंय. मी आज दुपारी लवकर येऊन वाचनालय बघून घेतलं. मर्फीची निळी प्रत आहे, थोडी विटलेली. शिकणाऱ्यांचा कोश आहे. पातळ पुस्तकं अकरा आहेत, मी मोजली. ती बालविभागात लावली आहेत, म्हणून मोठी माणसं तिकडे जात नसावीत. ग्रंथपालांना मी विनंती केली आणि त्यांनी तेव्हाच ती जिन्याजवळच्या दुसऱ्या कपाटात हलवली, वरून दुसरा खण. कपाटाला कुलूप असतं, किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. आज व्याख्यान आहे म्हणून वाचनालय साडेआठपर्यंत उघडं ठेवलंय. आता आठला पाच कमी आहेत.